दरवर्षी एक कप वाळू

मी दाराचा साप बोलतोय. दचकू नका, पाय वर घेऊ नका. मी चावत नाही, सरपटत नाही आणि मला विषही नाही. मी कापडाचा आहे. दाराखालच्या फटीतून वारा येऊ नये म्हणून वाळू भरलेली एक लांब सुरळी दाराला टेकवून ठेवतात ना, तोच मी. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बॅलरॅट गावात थंडी अशी पडते की घरोघरी माझे भाऊबंद दारापाशी पडलेले असतात.

स्वभाव माझा संशयी, हे आधीच सांगून टाकतो. जन्मभर जमिनीवर पडून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय बघायचे, म्हणजे दुसरं काय होणार? तोंडावर हसू असतं तेव्हा पाय काय करतात ते मला दिसतं. गोड बोलणाऱ्या पाहुण्याचे पाय किती आधीपासून बाहेरच्या दाराकडे वळलेले असतात, ते मी पाहिलंय. आणि वाऱ्याशी तर माझं उभं वैर. दिवसभर शीळ घालत फटीशी घोटाळणारा तो आगंतुक! त्याच्या मनात काही काळंबेरं आहे, याबद्दल मला कधी शंका वाटली नाही.

मला शिवलं नोरीन टिपेटने. तिचा नवरा क्लेम गेला आणि त्याची तपकिरी कॉर्डरॉयची पँट खुंटीला लटकत राहिली. कपड्यांच्या दानपेटीपर्यंत ती दोनदा गेली आणि दोनदा पँट घेऊन परत आली. मग हिवाळा लागला, मागच्या खोलीच्या दाराखालून गार वारा यायला लागला. दुकानात माझ्यासारखे साप मिळतात, पण नोरीनला दुकानाचं वावडं. घरात आहे त्यातून होत असेल तर बाहेर कशाला जायचं, असं तिचं सरळ म्हणणं. अंड्यांच्या खोक्यात ती रोपं करायची, मुरंब्याच्या बरण्यांचे दिवे करायची, जुन्या स्वेटरचं किटलीला टोपडं करायची. बुधवारी गल्लीतल्या बायका सभागृहात तिच्याकडून हे सगळं शिकायला जमायच्या.

तर तिने पँटचे दोन्ही पाय कापले, एकाला एक जोडले आणि अंगणात विटा बसवून उरलेली वाळू आत भरली. कान तुटलेला एक चहाचा कप होता, त्याने मापून. डोळ्यांना दोन बटणं लावली, एक काळं, एक तपकिरी. केकच्या खोक्याची लाल फीत जिभेच्या जागी आली. मग मला दाराशी ठेवून ती म्हणाली, "बस आता इथे, क्लेम." मी क्लेम नव्हतो, पण तिला तसं म्हणावंसं वाटलं, तर मी का नाही म्हणू?

माझं डोकं बिजागरीकडे आणि शेपूट कडीकडे. पहिल्या वर्षी मी डोक्यापासून शेपटीपर्यंत सारखाच जाड होतो. दुसऱ्या वर्षी, हिवाळ्याच्या तोंडावर, एप्रिलमध्ये, नोरीनला शेपटीकडून वारा लागायला लागला. तिने मला मांडीवर घेतलं, शेपटीची शिवण उसवली, एक कप वाळू घातली आणि कापड अपुरं पडलं तिथे ठिगळ लावून पुन्हा शिवलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच. चौथ्या वर्षी दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं, तर तिने क्लेमचा रंधा काढून स्टुलावर चढून कोपरा तासला. मग खाली बसून मला आणखी एक कप.

असं दरवर्षी चालायचं. मला काय वाटायचं सांगू? मला वाटायचं, बाईचा माझ्यावर जीव आहे, म्हणून ती मला भरवते. बायका हसायच्या, "नोरीन, तुझ्या सापाने गिळलेलं सगळं शेपटीत जाऊन बसलंय." मी मात्र आणखी फुगून बसायचो.

संशय घ्यायला मला जागा कमी नव्हती. नोरीनच्या हातून लोकरीचा गुंडा सुटला की तो घरंगळत नेमका कडीकडच्या कोपऱ्यात जायचा. मी म्हणायचो, मांजराने याला फूस लावलीय. मटार सोलताना एखादा दाणा पडला की तोही तिकडेच. मी मटाराकडेसुद्धा डोळे वटारून बघितलंय. कपाटाच्या एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी होती, ती दर दोन वर्षांनी जाड व्हायची, तेव्हा मी वर्तमानपत्रावर संशय घेतला. सगळ्यांवर घेतला.

पंधराव्या वर्षी, एका सकाळी, नोरीन चहाचा ट्रे घेऊन त्या दारातून येत होती. कडीकडच्या बाजूला तिचा पाय जरा खोल पडला आणि ती कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. मी तिच्या हाताशीच पडलो होतो. शेजारीण येईपर्यंत ती माझं शेपूट धरून होती. इस्पितळातून ती घरी आलीच नाही. तिला वृद्धाश्रमात ठेवलं आणि घर लिलावात विकायचं ठरलं.

आता घरात दोन नव्या माणसांचे पाय आले. एक तिचा भाचा रॉस, धुळीने भरलेले बूट. दुसरा घरांचा एजंट डेमियन, टोकदार चकचकीत बूट आणि आत मोजे नाहीत. बॅलरॅटच्या जुलैमध्ये जो माणूस मोजे घालत नाही, त्याच्यावर मी कसा विश्वास ठेवणार? दोघे खोलीखोलीतून फिरले. मग गालिचेवाला आला आणि मागच्या खोलीत जाड गालिचा पडला, कडीकडच्या बाजूला त्याच्या खाली आणखी दोन थर. तासलेल्या दाराला पांढरा रंग लागला. शेवटी टोकदार बुटाने मला हळूच टोचलं.

"हा आधी बाहेर काढ," डेमियन म्हणाला. "साप दिसला की गिऱ्हाईक विचारतं, वारा येतो का."

पंधरा वर्षं राखण केली, त्याचं हे बक्षीस. रॉसने मला उचलून अंगणातल्या टेबलावर टाकलं. नोरीनची किटलीची टोपडी, बरण्यांचे दिवे, सगळं तिथे मांडलं होतं. घर बघायला येणाऱ्यांनी हवं ते दोन डॉलरला घ्यावं आणि पैसे सभागृहाच्या बायकांना जावेत, असं ठरलं होतं. टेबलावरून मला आयुष्यात पहिल्यांदा माणसांची तोंडं दिसली. खरं सांगतो, पायच बरे.

शनिवारी अर्धा तास घर उघडं ठेवलं. लोक रांगेने आत जात होते, बाहेर येऊन गाडीपाशी कुजबुजत होते आणि एकमेकांकडे अशा नजरेने बघत होते जसं काही प्रत्येकाच्या खिशात दुसऱ्याचं घर आहे. त्यांत दोघी होत्या, मायलेकी. मुलगी लुसिआने, चाळिशीची, बाजारातल्या दुकानात कपडे दुरुस्त करणारी. पँट आखूड करणं, चेन बदलणं हे तिचं काम. आई सेईनी, टोंगा बेटांवरून चाळीस वर्षांपूर्वी आलेली, अंगाने आणि आवाजाने भरदार. तिने दाराशी चपला काढल्या. माझ्या मनात तिच्याबद्दल चांगलं आलं, पण मी ते लगेच दाबलं.

बाहेर येऊन त्या माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. सेईनीने घर मनाने घेऊनच टाकलं होतं. पुढच्या खोलीत चटया अंथरायच्या, चर्चची सगळी मंडळी मावतील, मागे अळू लावायचं. लुसिआने बोटांवर मोजत होती. सगळे नळ सोडून पाहिले, पाण्याला जोर आहे. सिंकखालच्या कपाटात डोकं घालून वास घेतला, ओल नाही. छताला डाग नाहीत. शेजारणीला विचारलं, गल्ली शांत आहे. गुरुवारी पावसात गाडी समोर लावून बसली होती, पन्हळी गळत नाहीत.

"मग आता कसली वाट बघतेस?" सेईनी म्हणाली.

"घर तपासणाऱ्याला बोलवायला हवं होतं, आई."

त्यावर आईने जे सुनावलं त्यावरून मला सगळं कळलं. याआधी दोन घरांना त्यांनी तपासनीस आणला होता. दोन्ही वेळा त्याचे पैसे भरले आणि दोन्ही घरं लिलावात दुसऱ्यांनी नेली. आता तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या घरासाठी पैसे घालवायचे नाहीत, असं ठरलं होतं. दुकानात वाकून वाकून वीस वर्षांत जमवलेलं सगळं, आणि त्यावर बँकेचं कर्ज, लुसिआने या घरात घालणार होती. लिलावात एकदा हातोडा पडला की मागे फिरता येत नाही, हे बॅलरॅटच्या सापालाही माहीत आहे.

जाता जाता तिने मला उचललं. भाड्याच्या घराच्या मागच्या दारातून वारा येतो, म्हणाली. तिची बोटं माझ्या शिवणीवरून फिरली आणि शेपटीपाशी थांबली. मी अंग आक्रसून घेतलं. बाईचं लक्षण ठीक दिसेना.

त्यांच्या घराची जमीन सिमेंटची, सपाट. मला दाराशी ठेवलं आणि माझी फजिती झाली. शेपूट दाराला इतकं घट्ट बसलं की दार उघडेना, आणि डोक्याकडून वारा खुशाल आत. दोन दिवस हे चाललं. मंगळवारी दुपारी लुसिआने दुकानातून लवकर आली, मला टेबलावर घेतलं आणि उसवायची बारीक कात्री काढली. झालं, मी मनाशी म्हटलं, संपलो.

ती उसवत गेली आणि प्रत्येक ठिगळ बाजूला ठेवत गेली. मग तिने ती एकेक करून मोजली.

"आई, हा साप उलटा शिवलाय. कोणीही डोकं जाड करेल, हिने शेपूट जाड केलंय. आणि एकदम नाही. चौदा वेळा उसवलंय, चौदा वेळा शिवलंय."

"म्हातारी बाई, हात चळला असेल."

"हात चळलेला नाही. ही टीप बघ. इतकी सरळ टीप मी दुकानात घालत नाही."

"नवरा निवडताना एवढी उसवाउसवी केली असतीस तर बरं झालं असतं," सेईनी म्हणाली.

"तेव्हा मला शिवणकाम येत नव्हतं."

मग तिने पट्टी घेतली. डोक्याकडे माझी जाडी दोन बोटं, शेपटीकडे चांगली पाच. दार बिजागरीला धरून जिथल्या तिथे लटकतं, ती आईला सांगत होती. पण कडीच्या बाजूची जमीन खाली गेली, तर फट त्याच बाजूला वाढत जाणार. ते घर आहे लाकडी फळ्यांचं, जमिनीवर नाही, लाकडी खुंटांवर उभं. खुंट कुजले असतील, तर दरवर्षी थोडं थोडं खचत असेल. आणि त्या एकाच खोलीत तेवढा नवा कोरा गालिचा का, हे तिला आत्ता सुचलं.

सेईनीच्या डोळ्यांसमोरच्या चटया कोणीतरी गुंडाळून ठेवल्यासारखा तिचा चेहरा झाला.

लुसिआनेने तपासनिसाला फोन केला, त्याला पुढच्या आठवड्याखेरीज वेळ नव्हता. डेमियनला केला. तो हसून म्हणाला की जुन्या घरांचा एक स्वभाव असतो, आणि मालकीणबाईंना दिसतही कमी होतं. मी टेबलावर पोट उसवलेला पडलो होतो, तरी संतापलो. नोरीनला सुईत दोरा ओवायला चष्मासुद्धा लागत नसे! पण राग जसा त्याच्यावर तसाच लुसिआनेवरही. मला वाटलं, ही बाई पक्की आहे. दोन डॉलरला मला घेतलं, आता माझ्या शेपटीचं निमित्त करून नोरीनच्या घराची किंमत पाडणार. ज्या घराची मी राखण केली, त्याच घरावर मला शस्त्र करून नेणार.

शनिवारी तिने मला पुन्हा शिवलं, होतं तसंच, चौदा ठिगळांसकट. आणि काखेत मारून लिलावाला नेलं.

घरासमोरच्या हिरवळीवर चाळीसेक माणसं उभी होती. निम्मी शेजारची, चहाचे पेले घेऊन गंमत बघायला आलेली. डेमियन पायरीवर चढला होता. आणि गुलाबाच्या वाफ्यापाशी, चाकांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन नोरीन बसली होती. रॉसने तिला आणलं होतं. तिचे पाय मी लगेच ओळखले. घरातल्याच चपला होत्या, निळ्या लोकरीच्या, तिने स्वतः विणलेल्या.

डेमियनने घराचं गुणगान केलं, नियम वाचून दाखवले आणि मग म्हणाला, कोणाला काही विचारायचं आहे का. हे विचारावंच लागतं, आणि सहसा कोणी काही विचारत नाही. लुसिआनेने हात वर केला. त्या हातात मी होतो. लोक हसले.

"या घराचे खुंट कधी बदललेत?"

"घर जसं आहे तसं विकतोय, बाई. सगळं कागदात आहे."

"कागद मी दोनदा वाचले, त्यात खुंटांचं काही नाही. म्हणून या सापाचं विचारते. हा याच घरातला आहे. याचं शेपूट दरवर्षी का वाढत गेलं?"

पुन्हा हशा झाला, पण थोडा कमी. डेमियन म्हणाला की आपण इथे घर विकतोय, खेळणी नाही. तेवढ्यात गुलाबाच्या वाफ्याकडून बारीक आवाज आला.

"इकडे दे त्याला."

रॉस वाकून तिच्या कानाशी लागला. "मावशी, राहू दे. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय." त्यात खोटं काही नव्हतं, हे मलाही कळत होतं. घराला जे येईल त्यावरच तिचं पुढचं आयुष्य जायचं होतं. मी मनात म्हणत होतो, नोरीन, गप्प बस. म्हण, हात चळला.

लुसिआनेने मला तिच्या मांडीवर ठेवलं. नोरीनने माझी बटणं चाचपली, फीत सरळ केली आणि तळवा माझ्या पाठीवर ठेवला.

"ही क्लेमची पँट आहे," ती म्हणाली. "हिच्यावर हात ठेवून मी खोटं बोलणार नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये एक कप. चौदा कप झाले. मी म्हणायचे, दार म्हातारं होतंय. जमीन खाली जातेय हे मनात आलं नाही, असं नाही गं. पण खुंट बदलायची माझी ऐपत नव्हती, आणि वाळू होती."

मग चहाचे पेले घेतलेले लोक हळूहळू आपल्या कुंपणांकडे सरकले आणि बोली लावायला आलेले गाड्यांकडे.

आणि मी? मी तिच्या मांडीवर गार पडलो होतो. पंधरा वर्षं मी मांजरावर संशय घेतला, लोकरीवर घेतला, मटाराच्या दाण्यावर घेतला, बिनमोज्यांच्या बुटांवर आणि शिवणाऱ्या बोटांवर घेतला. एकदाही स्वतःवर घेतला नाही. ज्याला मी तिचं प्रेम समजत होतो, ते घराचं दुखणं होतं, आणि ते माझ्याच पोटात भरलेलं होतं. ज्या वाऱ्याला मी जन्मभर वैरी मानलं, तो बिचारा दरवर्षी एप्रिलमध्ये येऊन सांगत होता की बाई, जमीन खचतेय, कोणाला तरी बोलाव. मी त्याचं तोंड दाबून पडलो होतो. त्याला मी अडवलं नसतं तर गारठून का होईना, तिने सुताराला बोलावलं असतं. मग त्या सकाळी तिचा पाय खोल पडला नसता. हे मला तिच्या त्या निळ्या चपलांकडे बघता बघता कळलं.

लिलावात एकच हात वर झाला, लुसिआनेचा, तोही बराच खालच्या आकड्याला. तेवढ्याला विकायचं नव्हतं, म्हणून हातोडा पडला नाही. मग रॉस, डेमियन आणि त्या मायलेकी स्वयंपाकघरात बोलणी करायला बसले. तपासनीस पुढच्या आठवड्यात आला, घराखाली पोटावर सरपटत गेला आणि बाहेर येऊन कुजक्या खुंटाचा तुकडा रॉसच्या हातात दिला. तो त्याने बोटांनी चुरला. खुंटांचा खर्च वजा करून सौदा झाला. नोरीनला वृद्धाश्रमात बागेकडची खोली मिळायची होती, ती मिळाली नाही. रस्त्याकडची मिळाली. हे मी लपवणार नाही, एकदा लपवून झालंय.

नवे खुंट घालायला घराला जॅक लावले. ते कण्हत कण्हत वर आलं, भिंतींना दोन-चार तडे गेले आणि मागच्या खोलीचं दार पंधरा वर्षांनी जिथल्या तिथे बसलं. फक्त वरचा तासलेला कोपरा तेवढा उघडा पडला. तो तसाच ठेवलाय.

महिन्यातून एका रविवारी चर्च सुटल्यावर सेईनी नोरीनला घेऊन येते. चटईवर एक खुर्ची, भोवती ही सगळी मंडळी, आणि अळूच्या पानात शिजवलेलं मांस नोरीन शंकेने हुंगून मग दोनदा घेते. पहिल्याच रविवारी तिने मला मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या हाताने शेपूट उसवलं. कान तुटलेल्या त्याच कपाने लुसिआनेने वाळू काढली आणि अंगणातल्या विटांच्या फटींत ओतली. नोरीन मोजत होती. चौदाव्या कपाला ती म्हणाली, "बास." पोकळ शेपूट तिने पुन्हा शिवलं. ठिगळं मात्र काढू दिली नाहीत.

आता मी त्याच दाराशी पडलोय, सारखा जाड, जरासा सुरकुतलेला. वारा अजून येतो. मी त्याला अडवतो, ते माझं कामच आहे, पण तो काय म्हणतो ते आधी ऐकून घेतो. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा रंगाकडे आणि गालिच्याकडे बघालच. जरा खाली वाकून माझ्यासारख्यांकडेही बघा. हातात घ्या, चाचपा, विचारा की बाबा, तू इथे कशासाठी. आम्ही घरात असलेल्यातूनच केलेले असतो, म्हणून घरात जे असतं ते आमच्यात उतरतंच.

आणि कधी या घरी आलात, आणि माझं शेपूट पुन्हा जाड झालेलं दिसलं, तर भलत्याच कोणाकडे बघू नका. सगळ्यात आधी माझ्यावर संशय घ्या.